घरच्या वर्कशॉपमध्ये स्वयंपाकाची सुरी घडवताना

पहिली हातघडणीची सुरी बहुतेक वेळा एकाच कारणाने फसते: ती जाड राहते. मूठ घोटीव, पाते चकचकीत, पण गाजरावर दाबली की गाजर कापले न जाता मध्येच तडकते. दोष पोलादाचा नसतो. नवशिक्याला पातळ घासायची भीती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. पातळ पाते तापवताना वाकते, तेलात बुडवताना तडकू शकते आणि ग्राइंडरवर क्षणात जळते. हे तिन्ही धोके टाळून धारेच्या मागे पाव मिलिमीटर जाडीपर्यंत पोहोचायचे, हेच या कामातले खरे कसब. लाकूड, पितळेच्या पिना, पॉलिश यांना वेळ द्याच, पण नंतर.

पहिल्यांदा करायला मध्यम आकाराची भाजीची सुरी सर्वांत योग्य. पाते १५० मिमी लांब, टाचेपाशी (म्हणजे मुठीजवळच्या धारेपाशी) ३८ मिमी उंच, पाठ २.५ मिमी जाड आणि मूठ ११५ मिमी. पोलादाची एकच पट्टी टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत जाते आणि मुठीच्या भागाला दोन्ही बाजूंनी लाकूड बसते. ठोकून घडवायचे नाही, पट्टीतला नको तेवढा भाग काढून टाकायचा. त्यामुळे ऐरण लागत नाही आणि भट्टी लागते ती एकदाच, पात्याला पाणी देताना, म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक करताना.

आधी कायद्याचे एक वाक्य. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. आपली सुरी दोन्ही मापांच्या बरीच आत आहे आणि स्वयंपाकाचीच आहे. तरी ती मित्राला दाखवायला खिशात घालून बाहेर पडू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगून फिरण्यावर मनाईचे आदेश वरचेवर निघत असतात.

पोलाद: माहीत असलेलेच घ्या

भंगारातून सुरी करायचा मोह सगळ्यांनाच होतो. जुनी कानस, ट्रकच्या पाट्याची स्प्रिंग, पॉवर हॅकसॉचे ब्लेड. यातले प्रत्येक वेगळ्या कारणाने गोत्यात आणते. स्वस्त कानशीला फक्त वरचा थर कडक केलेला असू शकतो. घासून आत गेलात की साधे लोखंड लागते. पाट्याची स्प्रिंग ६ ते १० मिमी जाड असते, ठोकून पातळ केल्याशिवाय तिची भाजीची सुरी होत नाही, आणि वापरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. पॉवर हॅकसॉचे ब्लेड हायस्पीड स्टीलचे. त्याला घरच्या भट्टीत पुन्हा कडक करता येत नाही आणि साध्या ड्रिलने भोकही पडत नाही. बांधकामाची सळई किंवा बाजारातली साधी एमएस (माइल्ड स्टील) पट्टी तर मुळीच नको. तिच्यात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो, ती कितीही तापवून बुडवली तरी कडक होणार नाही.

घ्यायचे ते सी ७५ किंवा सी ८० जातीच्या स्प्रिंग स्टीलची पट्टी, २.५ मिमी जाड, ४० मिमी रुंद, ३०० मिमी लांब. दुकानात ‘सीके ७५’ किंवा ‘ईएन ४२जे’ या नावानेही या घराण्यातला माल मिळतो. पट्टी अॅनिल केलेली, म्हणजे मऊ असल्याची खात्री करा. निळसर झाक असलेली पट्टी आधीच कडक केलेली असते, तिला कानस लागत नाही. यात कार्बन ०.७५ ते ०.८ टक्के, बाकी फार काही मिसळलेले नाही. म्हणून ते साध्या भट्टीत, अंदाजाने तापवूनही बऱ्यापैकी कडक होते.

ईएन ३१ म्हणजे बेअरिंगचे पोलाद उत्तम आहे, पण त्यात १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतो. त्याला ८३० ते ८५० अंशांवर काही मिनिटे स्थिर धरावे लागते, आणि तापमान मोजणाऱ्या भट्टीशिवाय ते जमत नाही. डी २ किंवा स्टेनलेस जातींना १००० अंशांच्या वर जावे लागते. ती घ्यायचीच असतील तर हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून कडक करण्याचे सगळे काम, बाहेरूनच करून घ्या.

पट्टी दोन जास्त घ्या, निदान एक. तिचे तुकडे भट्टीची परीक्षा घ्यायला लागणार आहेत.

हत्यारे

बेंच व्हाइस, १२ इंची बास्टर्ड कानस, १० इंची स्मूथ कानस, हॅकसॉ, ड्रिल मशीन, चार सी-क्लॅम्प, व्हर्नियर कॅलिपर, पॉलिश पेपर ८० पासून ६०० पर्यंत, दुहेरी निसणा ४०० आणि १००० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके दाणे बारीक). बेल्ट ग्राइंडर असेल तर काम निम्म्याहून कमी वेळात होते, पण पहिली सुरी कानशीने करणे फायद्याचे. कानस सावकाश चुकते, ग्राइंडर झटक्यात. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हे सगळे एका फेरीत मिळून जाते. कानशीत मात्र काटकसर नको; बोथट कानस पोलादावर घसरते आणि हात दुखवते.

गॉगल प्रत्येक कामात हवा. हातमोजे भट्टीजवळ हवेत. ड्रिल आणि बेल्ट ग्राइंडरवर मात्र नकोत, कारण फिरत्या भागात मोजा अडकला की हात ओढला जातो.

आराखडा आणि कापणी

सुरीचे चित्र पुठ्ठ्यावर पूर्ण मापात काढा, कापा आणि मुठीत धरून कापण्याची हालचाल करून पाहा. पाटावर बोटांची पेरे आपटतात का? मुठीची खालची कड धारेपेक्षा किमान १३ ते १५ मिमी वर असली पाहिजे. धारेची रेषा टाचेकडे जवळजवळ सरळ ठेवा आणि शेवटच्या ५० मिमीत टोकाकडे वळवा. अंतर्वक्र वळण कुठेही नको, ते निसण्यावर कधीच नीट बसत नाही.

पट्टीवर मोरचुदाचे पाणी फासून तांबूस थर चढवा (आयटीआयच्या फिटर वर्गात हेच करतात) किंवा सरळ काळा मार्कर फिरवा, आणि टोकदार स्क्राइबरने आराखडा गिरवा. पेनाची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते, स्क्राइबरची केसाएवढी.

हॅकसॉला इंचाला २४ किंवा ३२ दातांचे ब्लेड लावा. जाड दातांचे ब्लेड पातळ पट्टीत अडकून दात तुटतात. रेषेच्या बाहेर २ मिमी सोडून कापा आणि उरलेले कानशीने रेषेपर्यंत आणा. अँगल ग्राइंडरने कापणार असाल तर १ मिमीची चकती घ्या आणि गार्ड काढू नका.

आता भोके, कारण पोलाद कडक झाल्यावर ती पडणार नाहीत. मुठीच्या भागात ५ मिमी पितळेच्या दोन पिनांसाठी दोन भोके, पुढच्या आणि मागच्या टोकापासून साधारण २५ मिमी आत. ड्रिल ५ मिमीचे असेल तर पीन घट्ट जाते. तिला पॉलिश पेपरने थोडी घासा. मध्ये आणखी तीन-चार मोठी भोके पाडलीत तर मूठ हलकी होते आणि इपॉक्सी गोंद आरपार जाऊन दोन्ही लाकडांना जोडते. पट्टी हाताने धरून ड्रिल करू नका. बिट आरपार जाताना अडकते आणि पट्टी पंख्यासारखी फिरते. प्रत्येक भोकाची कड दोन्ही बाजूंनी मोठ्या बिटने हलकेच मोडा. तीक्ष्ण कडेपासूनच तेलात बुडवताना तडा सुरू होतो.

उतार: रेषांचे काम

पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतार द्यायचा आहे, दोन्ही बाजूंनी सारखा. हा उतार फारच कमी आहे, सव्वा-दीड अंशाचा. डोळ्यांनी अंदाज येत नाही. म्हणून धारेच्या कडेवर दोन रेषा ओढायच्या आणि त्या रेषांना इमान राखायचे.

सोपी युक्ती अशी. काचेवर किंवा सपाट फरशीवर पाते आडवे ठेवा, शेजारी १.७ मिमीचे ड्रिल बिट आडवे ठेवा. त्याचे टोक फरशीपासून ०.८५ मिमी उंचीवर असते. ते धारेच्या कडेवरून घासत न्या, पाते उलटा, पुन्हा न्या. २.५ मिमीच्या कडेवर दोन समांतर रेषा उमटतील आणि त्यांच्यात ०.८ मिमी अंतर असेल. हीट ट्रीटमेंटपूर्वी एवढी जाडी धारेवर ठेवायची. पुढे बेल्ट ग्राइंडर मिळणार नसेल आणि सगळे हातानेच घासायचे असेल तर १.९ मिमीचे बिट घ्या, मग ०.६ मिमी उरते. त्याच्याही खाली जाल तर तेलात धार लाटेसारखी वळते. १.२ मिमी ठेवाल तर कडक पोलाद घासताना दिवस जातील आणि शेवटी कंटाळून जाड सुरीवर समाधान मानाल. जाड सुऱ्या बहुतेक इथेच जन्मतात.

पाते लाकडी पाटीवर क्लॅम्पने आवळा, पाटी व्हाइसमध्ये धरा. आधी धारेकडच्या कडेला १५-२० अंशात छोटा उतार काढा, रेषेला टेकेपर्यंत. मग कानस थोडी थोडी निजवत तो उतार वर, पाठीकडे चढवत न्या. धारेची रेषा आता ओलांडायची नाही; काम फक्त वरच्या बाजूला. दर पाच-सात मिनिटांनी संपूर्ण बाजूला मार्कर फासा. पुढच्या दहा घासांत जिथली शाई जाते तिथे कानस लागते आहे, जिथे राहते तिथे खड्डा आहे. शाई पाठीपासून रेषेपर्यंत एकसारखी जायला लागली की ती बाजू झाली.

कानस पुढे ढकलतानाच दाब, मागे येताना उचलायची. दातांत कीस अडकला की पात्यावर खोल ओरखडे पडतात. कानशीला आधी खडू चोळा आणि तारेच्या ब्रशने वरचेवर साफ करा. एक बाजू पूर्ण संपवून दुसरीकडे जाऊ नका. थोडी ही, थोडी ती. एकाच बाजूने जास्त माल गेला की पुढे पाते त्या असमानतेपायी वाकते.

दोन्ही उतार झाल्यावर १२० आणि मग २२० च्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासा. कानशीचे आडवे ओरखडे धारेजवळ राहू देऊ नका, तेही तड्याचे निमित्त होतात.

पाणी देणे

इथे घाई नको आणि एकट्याने करायचे नाही. जागा उघडी, पण सावलीची. भर उन्हात तापलेल्या पोलादाचा रंग कळत नाही आणि नवखा माणूस हमखास जास्त तापवतो. संध्याकाळची वेळ उत्तम.

तेल: रिफाइंड शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल, ४ ते साडेचार लिटर, ३०० मिमीपेक्षा खोल आणि १५० मिमी रुंद अशा धातूच्या उभ्या भांड्यात. काठापर्यंत भरायचे नाही, वर ६०-७० मिमी मोकळे ठेवा. प्लास्टिकचे भांडे अजिबात नाही. गाडीचे जळके इंजिन ऑइल लोक वापरतात. त्याचा धूर विषारी आणि निकाल बेभरवशाचा, त्यापेक्षा खाद्यतेल कितीतरी बरे. तेल ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट करा. लोखंडाचा एक तुकडा तापवून त्यात बुडवला आणि ढवळले की झाले. गार तेल घट्ट असते, पात्याभोवती वाफेचा थर धरून बसते आणि थंडावा हळू होतो. भांड्यावर बसणारे पत्र्याचे झाकण हाताशी ठेवा, शेजारी वाळूची बादली आणि अग्निशामक. पेटत्या तेलावर पाणी कधीही टाकायचे नाही.

भट्टी: विटांच्या चौकोनात लाकडी कोळसा, खालून पाइपने हवा, हवेला जुना हेअर ड्रायर. पाते थेट निखाऱ्यात घातले तर टोक पांढरे व्हायला लागते आणि टाच अजून काळीच असते. म्हणून निखाऱ्यांच्या मधोमध ५० मिमी व्यासाचा जाड एमएस पाइप आडवा ठेवा आणि पाते त्याच्या आत तापवा. उष्णता सगळीकडून सारखी लागते. आत कोळशाचा एक खडा टाकला की हवेतला ऑक्सिजन तो खातो आणि पात्याचा कार्बन कमी जळतो. पाइप गॅल्व्हनाइज्ड नसावा. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत जाऊन ताप आणतो.

पाते आत घालण्यापूर्वी त्याच पट्टीचा तुकडा तापवा, बुडवा आणि व्हाइसमध्ये धरून हातोडीने तोडा. गॉगल घालूनच, आणि वर फडके टाकून. तुटलेली कड बारीक, राखाडी, सपाट दिसली तर तापमान बरोबर होते. साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर जास्त तापले. तुटलाच नाही, नुसता वाकला, तर कमी तापले. असे दोन-तीन तुकडे तोडले की डोळ्याला योग्य रंग समजतो. ही परीक्षा गाळून पाते भट्टीत घालू नये.

आता पाते. सांडशीने मुठीच्या टोकाला धरून पाइपमध्ये सरकवा आणि सतत पुढे-मागे करत राहा. टोक पातळ असल्याने सगळ्यांत आधी तापते. ते गरम भागापलीकडे नेऊन टाचेला वेळ द्या. मंद लाल रंग आल्यावर चुंबक लावून पाहा. साधारण ७७० अंशांवर पोलाद चुंबकाला चिकटायचे थांबते. तिथेच थांबू नका, कारण कडक होण्यासाठी आणखी ३० ते ५० अंश हवेत: ८०० ते ८२०. लालसर नारिंगी रंग, आणि पात्यावरून सरकणारी गडद सावली पूर्ण निघून गेलेली. चुंबक सुटल्यावर आणखी किंचित उजळ होऊ द्या, पूर्ण लांबीभर एकच रंग दिसू द्या, अर्धा-एक मिनिट तसाच धरा.

मग एका झटक्यात बाहेर आणि टोक खाली करून सरळ उभे तेलात. भट्टी ते तेल दोन सेकंदांत. पातळ पाते हवेतच थंड होते, म्हणून भांडे भट्टीपासून हाताच्या अंतरावर असावे. तेलात वर-खाली हलवा, डावी-उजवीकडे मुळीच नाही. बाजूने हलवले की एक बाजू आधी थंड होते आणि पाते त्या बाजूला वळते. भडका उडाला तर पाते सोडू नका, अजून खोल बुडवा. अर्धवट बाहेर असलेले तापलेले पोलादच तेल पेटवते.

आठ-दहा सेकंदांनी बाहेर काढा. पाते अजून दीड-दोनशे अंशांवर आहे आणि पुढची काही सेकंदे ते वळू शकते. वाकलेले दिसले तर जाड मोजे घालून दोन सपाट लाकडी फळ्यांमध्ये दाबा आणि पूर्ण थंड होईपर्यंत आवळून ठेवा. हाताला गार लागू लागल्यावर मात्र सरळ करायला जाऊ नका. त्या वेळी ते काचेइतके ठिसूळ असते. जमिनीवर पडले तरी तुकडे होतात.

कानस घासून पाहा. नुसती घसरली, कीस निघाला नाही, तर काम झाले. वरचा काळा थर थोडा मऊ असतो, म्हणून एकाच जागी पाच-सहा वेळा घासूनच निर्णय करा. खालीही कानस चावत असेल तर पुन्हा तापवा, पण त्याआधी दोन वेळा चुंबक सुटेपर्यंत तापवून हवेत आपोआप गार होऊ द्या, म्हणजे आतली घडण सारखी होते.

हे सगळे नको असेल तर भोसरी, चाकण, नाशिकचे सातपूर-अंबड, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक भागांत हीट ट्रीटमेंटची दुकाने आहेत. पोलादाची जात लेखी सांगा, जाडी सांगा, टेंपरिंगनंतर (ठिसूळपणा काढण्यासाठी मंद तापवल्यानंतर) ५९ ते ६० एचआरसी (कडकपणाचे माप) मागा आणि पाती उभी टांगून तापवायला सांगा. आडव्या रचलेल्या पात्यांना वाक येतोच. एकट्या सुरीला किमान आकार भरावा लागतो, म्हणून दोघा-तिघांनी मिळून पाती द्यावीत.

टेंपरिंग लगेच

बुडवल्यापासून तासाभरात. ठिसूळ पाते रात्रभर ठेवले तर आपोआपही तडकू शकते. काळा थर थोडा घासून पोलाद उघडे करा, म्हणजे रंग दिसेल. घरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) चालतो, पण त्याच्या बटणावर विश्वास नको. आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा. ओटीजीचे तापमान २०-३० अंश खालीवर होत असते आणि नळीच्या जवळचा भाग जास्त तापतो, म्हणून पाते वाळूने भरलेल्या ट्रेमध्ये पुरा. २०० अंशांवर दोन तास, बाहेर काढून पूर्ण गार, पुन्हा दोन तास. उघड्या पोलादावर फिकट पिवळा रंग आला पाहिजे. तपकिरी म्हणजे २५० च्या पुढे गेलात, निळा म्हणजे ३०० गाठले. सुरीची धार आता टिकणार नाही आणि पुन्हा पाणी द्यावे लागेल.

थोडा वाक राहिला असेल तर तो इथे निघतो. दुसऱ्या फेरीला पाते सरळ लोखंडी पट्टीवर ठेवा, वाकाच्या ठिकाणी खाली एक नाणे, दोन टोकांना क्लॅम्प, आणि उलट दिशेला वाकापेक्षा थोडे जास्त दाबून तसेच ओव्हनमध्ये घाला. गार झाल्यावर बरेचसे सरळ निघते.

पातळ करणे

पुन्हा उतारावर, आता ०.८ मिमीवरून ०.२५ ते ०.३ मिमीपर्यंत. बेल्ट ग्राइंडरवर नवा ६० ग्रिटचा बेल्ट, उघडी बोटे पात्यावर, शेजारी पाण्याची बादली. प्रत्येक फेरीनंतर पाण्यात. बोटाला चटका बसतो ते तापमान २०० च्या खूप खाली असते, म्हणून बोटे हा उत्तम थर्मामीटर. मोजे घालून तो गमावू नका. धारेवर निळा ठिपका दिसला की तिथले टेंपरिंग गेले. तेवढा भाग घासून काढण्याशिवाय इलाज नाही. झिजलेला बेल्ट कापत नाही, नुसता तापवतो. शेवटच्या पातळ फेऱ्यांसाठीच नवा बेल्ट राखून ठेवा.

हाताने करणार असाल तर ८० चा पेपर कडप्प्याच्या तुकड्याला चिकटवा आणि पाते त्यावर घासा. दोन-तीन संध्याकाळी जातील. धारेच्या मागे दर २० मिमीवर व्हर्नियरने मोजा आणि पात्यावरच मार्करने आकडे लिहा. डोळा जाडी ओळखत नाही.

मग १२०, २२०, ४००, ६००. पेपर नेहमी सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, साबणाच्या पाण्याचे थेंब टाकत. प्रत्येक ग्रिटला दिशा बदला, आधीचा एकही ओरखडा न उरेपर्यंत पुढे जाऊ नका. शेवटचा हात फक्त एका दिशेने, टाचेपासून टोकाकडे.

मूठ

शिसम किंवा जुना, मुरलेला सागवान. फर्निचरवाल्याकडचे तुकडे पुरतात: १२० × ३० × ८ मिमीचे दोन. ओले लाकूड वर्षभरात आकसते आणि पोलादाची कड हाताला लागू लागते. शिसमाचा भुसा काहींना बाधतो, मास्क लावा.

दोन्ही लाकडांची पुढची टोके आधीच घासून, पॉलिश करून घ्या. चिकटवल्यावर तिथे पेपर पोचत नाही. पात्याला कागद आणि टेप गुंडाळा. मुठीचे पोलाद ८० च्या पेपरने खरखरीत करा, स्पिरिटने पुसा आणि नंतर बोट लावू नका. इपॉक्सी संथ सुकणारे, दोन नळ्यांचे. पाच मिनिटांत घट्ट होणारे पाण्यात लवकर सुटते. पिना घाला, क्लॅम्प हलकाच आवळा. जोर लावून आवळले की सगळे इपॉक्सी बाहेर येते आणि सांधा कोरडा राहतो. पुढच्या सांध्यातून आलेले इपॉक्सी स्पिरिटच्या फडक्याने तेव्हाच पुसा. २४ तास हात लावू नका.

आकार लाकडाच्या दातेरी कानशीने, मग पेपर ४०० पर्यंत. मधोमध थोडी फुगीर, पुढे बोटाच्या पकडीला निमुळती. पितळेची पीन घासताना तापते आणि भोवतीचे इपॉक्सी सोडते, म्हणून तिथे मशीन थांबवत चालवा. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात, दर हातामागे एक दिवस. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

धार

कोन प्रत्येक बाजूला १५ अंश. ३८ मिमी उंच पाते असेल तर पाठ निसण्यापासून १० मिमी उचलली की हा कोन येतो. ४०० च्या बाजूवर एकच बाजू घासत राहा, पूर्ण लांबीभर दुसऱ्या बाजूला बारीक बर (घासून उलटलेली पोलादाची खरखरीत कड) हाताला लागेपर्यंत. बर न लागता बाजू बदलणे ही धार न येण्याची सर्वांत नेहमीची चूक. मग दुसरी बाजू, मग १००० वर दाब कमी करत, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढत.

आता पितळेच्या ६ मिमी सळईवर धार तिरकी टेकवून हलका दाब द्या. धार किंचित वळून पुन्हा सरळ व्हायला हवी. तुकडा निघाला तर पाते जास्त कडक आहे, मूठ बसवण्याआधी ही परीक्षा केली असेल तर २१५ अंशांवर आणखी एक फेरी द्या. वळलेली तशीच राहिली तर पोलाद मऊ आहे किंवा कोन फार बारीक. आधी १८ अंशांवर धार लावून बघा. खरे तर ही परीक्षा मुठीआधीच करावी, तात्पुरती धार लावून. मूठ बसल्यावर ओव्हनचा रस्ता बंद होतो.

हे पोलाद गंजते. कैरी, चिंच, कोकम, लिंबू यांनी पहिल्या आठवड्यात पाते काळे-निळे पडेल आणि कांदाही थोडा काळवंडेल, जुन्या लोखंडी विळीवर होतो तसाच. तो थर घासून काढू नका, तोच पुढे तांबेरा अडवतो. कापून झाले की लगेच धुऊन पुसा. कोकणातल्या पावसाळ्यात खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवा, आणि नारळ फोडायला किंवा हाडावर ही सुरी कुणाला देऊ नका. पाव मिलिमीटरची धार त्यासाठी नाही, कोयता आहे.